दारुमाचा दुसरा डोळा

पेणच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला दोनच माणसे आली होती. एक माझा धाकटा भाऊ दत्ता, जो आमचा गणपतीचा कारखाना चालवतो, आणि दुसरी त्याच कारखान्यात रंगकाम करणारी, जवळच्या गडब गावची सुंदराबाई. दत्ताने पोह्याच्या पापडांचा डबा हातात दिला. सुंदराबाईने वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुकट (वाळवलेली बारीक मासळी) माझ्या पिशवीत कोंबली.

"नाना, तिकडं मासं कच्चं खातात म्हनं. ही ने, भाजून खा."

"अगो, विमानात वास सुटेल."

"सुटू दे. पेनचा मानूस बसलाय ते कलेल तरी."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्याच्या शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून मी नुकताच निवृत्त झालो होतो. तिथल्या एका कंपनीत यंत्रे बसवायला आलेला जपानी इंजिनियर एकदा मूर्ती पाहायला पेणला आला आणि माझी आखणी (मूर्तीचे डोळे रंगवण्याचे काम) पाहत दुपारभर कारखान्यात बसून राहिला. त्याची थोरली बहीण जपानमध्ये डोंगरातल्या एका गावी मातीकामाचा वर्ग चालवत असे. हिवाळाभर तिथे येऊन शिकवाल का, असे त्याने विचारले. गणपती होऊन गेले होते, हातात काम नव्हते. मी हो म्हटले.

दोन डब्यांच्या छोट्या गाडीतून उतरलो तेव्हा फलाटावर बर्फ होते. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले बर्फ मला मिठागरासारखे वाटले. धरमतरच्या खाडीकाठी मिठाच्या राशी लागतात, अगदी तसे. इंजिनियरची बहीण कुबो-सान (सान म्हणजे आपले 'बाई' किंवा 'राव') छत्री घेऊन उभ्या होत्या. त्या कमरेत वाकल्या. मी नमस्कार केला. त्या पुन्हा वाकल्या, मी पुन्हा हात जोडले. शेवटी स्टेशनमास्तरने येऊन आम्हाला फाटकाबाहेर काढले.

बाई एकट्याच राहत; माझी सोय त्यांच्याच घरी होती. दाराशी घरात घालायच्या सपातांचे तीन जोड मांडलेले असत. एक त्यांचा, एक माझा आणि एक लाल फुलांचा, लहान मापाचा. तो पाहुण्यांसाठी असावा असे मी धरून चाललो. बैठकीच्या फळीवर हातपाय नसलेली लाल गोल बाहुली होती. तिला दारुमा म्हणतात. मिशा, भुवया सगळे झोकात काढलेले, पण डोळा एकच. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसते पांढरे वर्तुळ. आखणीवाल्या माणसाची नजर आणखी कुठे जाणार?

पहिली फजिती सुकटीने केली. मी ती दाखवून, भाजू का, असे खुणेने विचारले. बाई म्हणाल्या, "चोत्तो..." आणि थांबल्या. शब्दकोशात पाहिले. चोत्तो म्हणजे जरा, थोडेसे. म्हणून मी थोडीशीच भाजली. बाईंनी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्ही दोघे अंगावर रजया घेऊन, बाहेरचे बर्फ पाहत जेवलो. सुकटीची चटणी मात्र त्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली.

वर्गात सगळे मला सेन्सेई (गुरुजी) म्हणत. शिकणारे बहुतेक माझ्याच वयाचे. त्यांत इंग्रजी जाणणारे हायाशी-सान होते, निवृत्त पोस्टमन. तेच माझे दुभाषी. पेणला डोळा चुकला तर दत्ता कारखान्याच्या दुसऱ्या टोकावरून ओरडतो, "नाना, गणपतीला झोप आली काय?" इथे कोणी काही बोलत नसे. कुणाचा डोळा फसला की मी त्याच्या हातातून कुंचला घेई आणि स्वतः पुरा करी. रोह्याच्या शाळेत मुलांच्या चित्रांवर मी जन्मभर हेच केले होते. तो माणूस वाकून आभार मानी आणि दुसऱ्या दिवशी नवीन माती मळून पहिल्यापासून सुरुवात करी. याचा अर्थ विचारावा, असे मला सुचले नाही.

वर्ग संपायला थोडे दिवस राहिले होते. एका सकाळी बाई बाजारात गेल्या असताना मी खारीच्या केसांचा कुंचला काढला आणि त्या दारुमाचा दुसरा डोळा रंगवला. आमच्या पद्धतीचा, लांबट, पाणीदार, कोपऱ्यात लालसर रेघ असलेला. उपकाराची परतफेड म्हणून. असा डोळा मी पुन्हा काढू शकलो नाही, हेही खरे.

बाई आल्या. भाजीची पिशवी हातात तशीच धरून फळीसमोर उभ्या राहिल्या.

"चोत्तो..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग वाकल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचे वाक्य मी मनातल्या मनात पुरे केले. 'जरा जास्तच सुंदर झाला.'

हायाशी-सानना मी हे कौतुकाने सांगितले. त्यांनी हातातली माती खाली ठेवली.

"सेन्सेई, पहिला डोळा मागताना काढतात. दुसरा, मागितलेले मिळाल्यावर."

"बाईंनी काय मागितले होते?"

"मुलगी. भांडून गेली. पत्ता नाही."

मला लाल फुलांच्या सपाता आठवल्या. आता काय करू, असे विचारले. हायाशी-साननी खाली ठेवलेली माती पुन्हा उचलली आणि ते म्हणाले, "चोत्तो..."

तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ कळला. जिथे नाही म्हणायचे असते तिथे ही माणसे 'जरा' म्हणतात आणि वाक्य सोडून देतात. पुढचे ऐकणाऱ्याने ओळखायचे.

उरलेले सगळे दिवस मी बाईंच्या हातचे जेवलो, त्या फळीकडे पाठ करून बसलो आणि माफी मागितली नाही. निघताना फलाटावर त्यांनी मला एक खोका दिला. त्यात नवा दारुमा होता, दोन्ही डोळे कोरे.

पेणला खोका उघडला तेव्हा दत्ता म्हणाला, "ह्याचे डोळे राहिले की," आणि कुंचल्याकडे हात नेला. मी बाहुली ओढून घेतली. पण त्याच बैठकीत, जपानी माणूस एक डोळा काढून कंटाळला आणि पेणच्या माणसाने काम पुरे करून दिले, असा किस्सा रंगवून सांगितला. कारखाना हसला. पुढे तो मी एका दिवाळी अंकात लिहिला. बाईंनी तीन वेळा वाकून आभार मानले, असेही घातले. आता वाचनालयाच्या मंडळींना तोच लेख स्मरणिकेत पुन्हा छापायचा आहे. त्याऐवजी हा छापावा.

जपानहून परतल्यानंतरच्या हंगामात आखणीला बसलो. पहिल्या मूर्तीचा एक डोळा झाला आणि हात दुसऱ्याकडे जाईना. दत्ता ओरडला, "नाना, रंग वाळला काय?" मी कुंचला ठेवून उठलो आणि नाक्यावरच्या परदेशी फोन लागणाऱ्या बूथमध्ये गेलो.

बाईंनी आवाज ओळखला. मी पाठ करून नेलेली माफी मोडक्यातोडक्या जपानीत म्हटली. त्या हळूहळू बोलल्या, मला समजावे म्हणून. तुमचा डोळा दाराकडे पाहतो, म्हणाल्या. ज्याची इच्छा पुरी होते तो दारुमा देवळात नेऊन जाळतात. हा मी जाळलेला नाही.

"मुसुमे-सान (मुलगी)?" मी विचारले.

"चोत्तो..."

यावेळी ते वाक्य मी पुरे केले नाही.

कारखान्यात परत येऊन खोक्यातला दारुमा काढला आणि त्याचा एक डोळा रंगवला. शेजारी सुंदराबाई पितांबर रंगवत होती. तिला सगळे खरे सांगितले. ती हसली नाही. बाहुलीकडे बघत म्हणाली, "म्हंजे ह्यो आपल्याकडून नवस हाय."

"व्हय."

"मग वर ठेव. हितं कोनतरी रंगवून टाकील."

तेव्हापासून तो माळ्याखालच्या फळीवर आहे. गिऱ्हाइके म्हणतात, नाना, ह्याचा एक राहिला. दरवर्षी आखणी सुरू झाली की सुंदराबाई मान वर न करता विचारते, "नाना, त्या बायची पोर आली काय रं?"

"चोत्तो," मी म्हणतो.

ती पुढची मूर्ती जवळ ओढते. तिलाही आता तो शब्द कळतो.