शून्याचा पगार

रोज सकाळी बद्रीनाथ कुंभार पिंपळगावच्या सरकारी आवारातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलायचा, आतली बाटली काचेच्या मापात उपडी करायचा आणि वहीत शून्य लिहायचा. बहात्तर साल होतं. बायको सोनूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि हा आभाळाची गैरहजेरी मांडायचा.

"काय न्हाई ते मोजायला सरकारनं मला ठिवलंय," तो स्वतःच पारावर सांगायचा. "अन् पगार बराबर येतो."

एकदा शेजारचा तातेराव म्हणाला, "पाऊसच न्हाई, मंग तुला कशाला पोसून राह्यलेत? हा खर्चा जल्दी बंद होनार बघ."

बद्रीनाथ हसला. सोनूबाईच्या मात्र ते जिवाला लागलं.

दुसऱ्या सकाळी बाटलीत पाणी निघालं. बद्रीनाथनं आधी आभाळाकडं पाहिलं. मग त्यानं खाली पाहिलं. माती कोरडीठाक होती, आणि नरसाळ्याच्या काठाला भांडी घासायची राख लागली होती.

इतक्या महिन्यांनी मापाला काम मिळालं, तेही बायकोनं टँकरच्या पाण्यातून वाचवून दिलेलं! त्यानं शून्य लिहिलं आणि पाण्याचं माप जपून घरी नेलं.

"किती लिव्हलं?" सोनूबाईनं दारातच विचारलं.

"रोजचंच."

"अवं, तुमची नोकरी गेली म्हंजी?"

"अन् पाऊस लिव्हला तर तुझी खडी बंद न्हाई का व्हायची? गावाचं काम माझ्या शून्यावर चाललंय, बाई! एवढा मोठा मानूस हाय मी."

ती हसली. त्यानं माप तिच्या हातात दिलं.

"सांडू नको. च्या टाक."