मास्तरांचं उत्तर राहिलं

माझा भाऊ एवारिस्तो जन्मभर आमच्या गावच्या शाळेत मास्तर होता आणि उभ्या आयुष्यात एकही वाद जिंकला नाही. दोष त्याच्या साधूचा. साधू तोमाझो इथलाच, वरच्या रोकासेक्काच्या गडावरचा. त्याला जाऊन सातशे वर्षं उलटली, पण राजानं कसं वागावं इथपासून पोरांना कसं शिकवावं इथपर्यंत सगळीकडे त्याचाच शब्द. त्याची रीत अशी, की आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची आणि मगच आपलं उत्तर द्यायचं. पाद्र्यांच्या शाळेत दादानं ही रीत उचलली ती कायमची. इनेसला मागणी घालताना त्यानं आधी आपल्याशी लग्न का करू नये, तेच सांगितलं. ते संपायच्या आत ती उठून गेली.

गेल्या मार्चात शाळा बंद करायची की नाही, यावर सभा भरली. पोरं उरली होती नऊ, त्यातला एक माझा नातू. मी दादाला बजावलं, "आज तुझा साधू घरी ठेव. सरळ उत्तरापासून सुरुवात कर."

"हरकती लपवायच्या म्हणजे लबाडीच की गं."

तो उभा राहिला. गळकं छप्पर, एकाच खोलीत पाच इयत्ता, पोरांना खेळायला सोबती नाहीत, खाली कास्सिनो शहरातल्या शाळेत सगळं आहे. असं काही पटवलं, की मलासुद्धा पटायला लागलं. टाळ्या पडल्या.

"थांबा, माझं उत्तर राहिलंय," तो म्हणाला.

"आता काय राहिलं, मास्तर?" सरपंच हसला. "बंद करायच्या बाजूचे हात वर करा."

वर गेलेले हात बहुतेक त्याच्याच विद्यार्थ्यांचे. पावभट्टीवाला नात्झारेनो म्हणाला, "पटलं की हट्ट सोडायचा, तुम्हीच शिकवलंत ना?" तो टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

उत्तर त्यानं घरी येताना मला एकटीला ऐकवलं. शाळा गेली की पोरांमागे आईबापही जाणार, मग गावात म्हातारेच उरणार.

माझं डोकंच फिरलं. "हे आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"आधी कसं बोलणार?" तो म्हणाला.

ऑगस्टात माझ्या मुलानं, सेत्तिमिओनं, कास्सिनोत शाळेजवळ घर घेतलं. सामान चढवताना दादाचा हात धरून म्हणाला, "मामा, तुम्ही सभेत बोललात म्हणून माझा निर्णय झाला. नाहीतर मी अजून इथंच अडकलो असतो."

दादानं हात सोडवून घेतला आणि उरलेली पेटी गाडीत चढवली. उत्तर सांगून आता कोण थांबणार होतं?