हैदराबादला नेलेल्या आत्याच्या पेशी

माझी आत्या लातूरला साड्यांचं दुकान चालवते. तिचा अंडाशयाचा कॅन्सर उलटला आणि केमोची औषधं लागू पडेनात, तेव्हा मी नांदेडच्या शाळेत रजा टाकून तिच्याकडे गेले.

डॉक्टरांनी एक वाट सुचवली. आत्याच्या पोटात साठलेल्या पाण्यात कॅन्सरच्या जिवंत पेशी होत्या. त्या हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत न्यायच्या, त्यांच्यावर निरनिराळी औषधं घालून बघायची आणि ज्यानं त्या मरतील ते आत्याला द्यायचं.

"म्हणजे आधी त्यांना, मग मला," आत्या म्हणाली. "हे लई बरं. आजवर सगळं माझ्यावरच चालू होतं."

डॉक्टर हसले, पण स्पष्ट बोलले, "तिथं जमलं म्हणून अंगात जमेलच असं नाही, मावशी."

"हाव, कळलं. पण पाठवा."

नमुना लवकर आणि थंड पोहोचायला हवा होता. कुरिअरवर माझा भरवसा नव्हता. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मीच गाडीत बसले, नवरा चालवायला. जहीराबादजवळ चहाला थांबलो. टेबलावरच्या डब्याकडे बघून हॉटेलवाल्यानं विचारलं, "मछली है क्या?"

"फूफी है, हमारी आत्या," नवरा म्हणाला.

तो बिचारा कप ठेवून मागं सरकला. मी नवऱ्यावर डोळे वटारले, पण मग इतकी हसले की चहा साडीवर सांडला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच हसले असेन.

निकाल येईपर्यंत आत्या फोन करून विचारायची, "माझ्या पेशी काय करायल्यात तिथं?"

अखेर निकाल आला. डॉक्टर पुढं जे नवं औषध देणार होते, त्यानं पेशींना काहीच झालं नव्हतं. एका जुन्या औषधानं मात्र त्या भराभर मेल्या होत्या. ते सुरू केलं. हळूहळू आत्याचं पोट उतरलं, जेवण वाढलं. स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या दिसल्या, गेल्या नव्हत्या. हेही औषध कधीतरी थकेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ती एकटीच एसटीनं नांदेडला आली. कुणाला सांगितलं नव्हतं. स्टँडवरून फोन केला, तेव्हा मी धावत गेले आणि चिडले.

"अगं, गाडी पाठवली असती ना."

"खिडकीची जागा मिळाली होती मला," ती म्हणाली. "लोह्यापर्यंत मस्त झोपले."