वहिनींचा ओटा आणि चिकनचं पाणी

माझं काम ऐकून लोक नाक मुरडतात. जबलपुरातल्या दुकानांतून चिकन आणि बरगीच्या धरणातली मासळी विकत आणायची, लॅबमध्ये त्यातले जंतू वाढवायचे आणि कोणत्या औषधानं ते मरत नाहीत ते बघायचं. काचेच्या बशीत जंतू पसरून वर औषधाच्या बारीक टिकल्या ठेवतो. औषध चाललं तर टिकलीभोवतीची जागा साफ होते. आजकाल मेले टिकलीला खेटून बसलेले असतात, निर्लज्ज!

कांचघरचा एक चिकनवाला मला पाहिलं की ओरडतो, "आ गईं मैडम, धंधा चौपट करने!" मीही ऐकून घेत नाही. "भैया, चुपचाप तोलो," म्हणते. पण त्याच्याशी भांडून मी घरी शांत जेवू शकते. माझा खरा राग वहिनींवर, म्हणजे दादाच्या बायकोवर.

बाबांचं मूत्रपिंड बदललंय. शरीरानं ते नाकारू नये म्हणून त्यांची रोगाशी लढायची ताकदच गोळ्यांनी कमी करून ठेवलीय. साधा संसर्गही जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि आमच्या वहिनी दर रविवारी नळ धो धो सोडून चिकन धुतात. तीन-तीन पाण्यांतून! ते पाणी ओटाभर उडतं, आणि मग त्याच ओट्यावर कोशिंबिरीची काकडी चिरतात. चिकन शिजतं, त्यातले जंतू मरतात. काकडी कोण शिजवतं?

किती वेळा सांगितलं! "ताई, तुम्ही काहून एवढ्या मागं लागून राहिल्या?" वहिनी म्हणायच्या. "न धुता शिजवू का? माझ्या घरात असली घाण नाही चालत."

घाण! अस्सा संताप आला. एका रविवारी धुणं झाल्यावर ओट्यावर ओला कापूस फिरवला आणि नळीत घालून लॅबमध्ये नेला. चिकनमध्ये सापडतात तेच जंतू उगवले. बहुतेक टिकल्यांना त्यांनी भीक घातली नाही.

पुढच्या रविवारी पानं वाढल्यावर त्या बशीचा फोटो मी वहिनींपुढं धरला. काय आहे ते सगळं सांगितलं. वहिनी रडायलाच लागल्या. "मी दिवसभर मरमर करून राहिली, अन् माझ्याच ओट्यावर जंतू? बाबा, तुम्हीच सांगा!"

बाबांना कोणाचं रडणं सोसवत नाही. "चलो, झालं आता," म्हणाले. "आण गं ती कोशिंबीर इकडं." आणि सरळ वाडग्यात चमचा घातला.

"बाबा, ठेवा तो चमचा!"

"एवढ्याशा काकडीनं काय होतं? हिचं मन मोडू का?"

हिचं मन! आणि तुमचा जीव? माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाडगा त्यांच्यापुढून ओढला आणि उभ्याउभ्या सगळी कोशिंबीर मीच खाल्ली. दाण्याचं कूट घशात अडकत होतं, तरी थांबले नाही. मला फार तर पोट धरून बसावं लागलं असतं.

वहिनींनी डोळे पुसले. "पाहिलं, बाबा? स्वतःच चाटूनपुसून खाल्ली. अन् मला जंतू दाखवून राहिल्या होत्या!"

बाबा हसले. "अगं, मला तरी थोडी ठेवायची."

"बसा बाबा, अजून एक काकडी आहे," वहिनी म्हणाल्या, आणि ओट्याकडं गेल्या.