जनार्दनचा शनिवार

मंगळवारी सकाळी साडेनऊला कॉलेजच्या ऑफिसमधून फोन आला. जनार्दन म्हात्रे गेला. आदल्या दिवशी तो कामावर होता.

त्याला आता महिना झाला. वाशीच्या आमच्या कॉलेजात जनार्दन संगणकांची प्रयोगशाळा सांभाळायचा आणि मी ग्रंथालय. सॉफ्टवेअरची नवी पॅकेजेस सीडीवर यायची. एकेका यंत्राजवळ सीडी घेऊन हिंडणं त्याला पटत नसे. तो ती एका मुख्य यंत्रावर ठेवी, आणि शनिवारी दुपारी तीनला बाकीची यंत्रं तारेवरून आपापला फोल्डर मुख्य यंत्राशी जुळवून घेत. त्यांतलं एक माझ्या टेबलावर होतं. जनार्दन घणसोली गावातला, नवं शहर वसवताना शेती गेलेल्या घरातला. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून बांधाला एक दार असे, उघाडी. ते शेतातलं पाणी बाहेर सोडी, बाहेरचं आत घेत नसे. मला समजावताना त्याला तेच आठवलं. “मॅडम, ही उघाडी हाय. मेन मशीनवरून तुमच्याकडं येतं. तुमच्याकडून तिकडं काय जात नाय.”

मी मान डोलावली... आणि विसरले. सहा महिने खपून मी पुस्तकांची सूची टाइप केली होती. सगळ्या यंत्रांवर सारखा असणारा फोल्डरच सर्वांत सुरक्षित, असं समजून एका शुक्रवारी ती मी त्यात हलवली. जे मुख्य यंत्रावर नाही ते जुळवणीत पुसलं जातं. शनिवारी तीननंतर सूची नव्हती.

प्राचार्यांनी दोघांनाही बोलावलं. मी तोंड उघडण्याआधीच जनार्दन म्हणाला, “माझ्या प्रोग्रॅमनं पुसलं, सर.” त्याला कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात सहीला जायचा होता. तो कागद अडला. मी गप्प राहिले.

बाहेर आल्यावर मलाच म्हणाला, “तोंड कशाला पाडलंत? पुस्तकं कपाटात हायत ना? परत लिहू.” मग रोज डबा खाऊन झाल्यावर तो पुस्तकांची कार्डं वाचून दाखवी, मी टाइप करी. एका लेखकाची कार्डं संपेनात तेव्हा म्हणाला, “याला घरी काय काम नवतं का?” मी हसले. प्राचार्यांना खरं सांगायचं मी पुढच्या आठवड्यावर ढकललं, मग त्याच्या पुढच्या... जनार्दन हंगामी असतानाच गेला.

गेल्या आठवड्यात मी सांगितलं. प्राचार्यांनी ऐकून घेतलं आणि पंखा थोडा कमी करायला सांगितला.

त्याच्या जागी आलेल्या गृहस्थांनी परवा जुळवणीचा प्रोग्रॅम उघडून दाखवला. त्यात एक ओळ होती: ग्रंथालयाच्या यंत्रावरचं काही पुसू नये. शेजारी तारीख होती, सूची गेली त्या शनिवारनंतरच्या सोमवारची. “ही जास्तीची वाटते. काढू?” त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

शनिवारी तीनला सगळी यंत्रं मुख्य यंत्राशी जुळतात. माझ्या टेबलावरच्या यंत्रातलं काही पुसलं जात नाही.