बोटाने वाचायची पाटी

“रेघाच रेघा लागून राह्यल्या. याच्यात कमल कुठी हाय?”

म्हातारीने पाटीवरून बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. तिचा मुलगा भास्कर माझ्याकडे बघत होता आणि मी पाटीकडे. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर काढलेला तो नमुना होता, दिसायला फक्कड. पण तिला तो दिसणारच नव्हता. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते.

घर अल्लीपूरचं, भाजीपाला पिकवणारं. भास्करची मोठी बहीण कमल मागच्या वर्षी काविळीने गेली होती. ती शिकली त्या गावच्या शाळेत तिच्या नावाने पाणपोई बांधून झाली होती. तिथल्या भिंतीत बसवायची पितळी पाटी कोरून घ्यायला मायलेक सिंदी मेघेतल्या माझ्या दुकानात आले होते. भास्करने फ्लॉपीवर लग्नपत्रिकेतला एक नक्षीदार फॉन्ट आणला होता. मजकूर ठरलेला. वर कमलचं नाव, खाली सरपंच, शाळा समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक. स्मरणार्थाच्या पाट्या अशाच असतात. गेलेल्याला एक ओळ आणि असलेल्यांना तीन.

इथे थोडं धंद्याचं सांगते. कॉम्प्युटरचा फॉन्ट छापण्यासाठी बनलेला असतो. त्यातली रेष कुठे जाड, कुठे केसासारखी. मशीनजवळ शाई नसते. तिच्याजवळ फिरणारं एक धारदार टोक असतं, त्याला आम्ही कटर म्हणतो. कटर जेवढा रुंद, तेवढीच चरी पडते. जाड कटर बारीक रेषेत मावत नाही, आणि जिथे मावत नाही ती जागा सॉफ्टवेअर न विचारता सोडून देतं. अक्षर अर्धवट कोरलं जातं. बारीक कटर मात्र रेषेच्या दोन्ही कडांवरून फिरून मधला भाग खरवडत बसतो. वेळ खातो, पण अक्षर हुबेहूब येतं. म्हणून फॉन्टमधली सगळ्यात बारीक रेष बघायची आणि तिच्यात मावेल तो कटर लावायचा. मी तेच केलं होतं.

डोळ्यांसाठी ते बरोबर होतं. बोटाला त्या बारीक, उथळ कोरीव कामातून काहीच कळत नव्हतं.

“मावशी, तुम्ही शाळेत गेल्या होत्या का?” मी विचारलं.

“कायची शाया वं बाई. मले तीनच अक्षरं येतेत. कमलनं शिकवले. शायेत जाऊ लागली तं संध्याकाई चुलीतली राख पसरवे अन् माह्यं बोट धरून तिच्यात फिरवे. म्हणे, माय, माह्यं नाव सोपं हाय, तुले येईन.”

“माय, पाटी लोकाईसाठी रायते,” भास्कर हळूच म्हणाला.

“लोकाईले डोये हायत. ते कसंही वाचतीन.”

मी भास्करला सरळ सांगितलं, की बोटाला कळायचं तर अक्षर एकाच रुंद चरीचं हवं आणि दोन इंच तरी उंच हवं. पितळ होतं वीतभर लांब, चार बोटं उंच. मिस्त्रीने टाइल्समध्ये तेवढीच जागा सोडली होती. त्यात ‘कमल’ बसलं असतं, बाकी कोणी नाही.

“अन् अध्यक्ष?”

“मावणार नाहीत.”

“मॅडम, मले त्याच गावात राह्याचं हाय. पाणपोईले जागा त्याहीनंच देऊ केली. उद्या नाव नाई दिसलं तं...”

त्याचं चुकत नव्हतं. गावात नावाचा मान राखावाच लागतो, आणि तो निभावायला मी तिथे असणार नव्हते. तो बाहेर जाऊन सायकलीला टेकून उभा राहिला.

मी फॉन्ट बाजूला ठेवला आणि माउसने तीन अक्षरं स्वतः काढली, साध्या एकेरी रेषेची. अशा अक्षरावरून कटर एकदाच जातो, म्हणजे कटरची जाडी तीच अक्षराची जाडी. आधी दोन एमएमचा लावला. बोट चरीत ठरेना, वरूनच घसरून जाई. मग सहाचा लावला. बोट छान बसलं, पण ‘क’च्या पोटाशी येऊन थांबलं.

“इथी भोक पायजे. राखेत भोक राहे.”

जाड कटरने अक्षराच्या पोटातली मोकळी जागाच खाल्ली होती. ‘म’ची गाठही बुजली होती. तिसऱ्या तुकड्याला गोल टोकाचा चार एमएमचा लावला.

ती ‘क’पासून निघाली. पोटाला वळसा घातला, दांडीवरून उतरली, ‘म’च्या गाठीत क्षणभर अडकून पुढे सरकली. ‘ल’पाशी पोचली आणि पुन्हा मागे आली. तिचं बोट काही शोधत नव्हतं. कोणीतरी ते धरून फिरवावं तसं चाललं होतं.

“असंच,” ती म्हणाली. “असंच फिरवे ते.”

मला रडू आलं. तिला दिसत नव्हतं, म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

भास्कर दारात येऊन उभा होता. बराच वेळ आईच्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “निस्तं कमल कोरा, मॅडम. बाकीचे नावं पेंटरकडून भितीवर लिवून घेतो. अध्यक्षाईले मी सांगीन.”

पितळ एका दमात कापलं जात नाही. कटर तापू नये म्हणून रॉकेलचे थेंब सोडत, थोडं थोडं खोल जात ते काम केलं. एरवी चरीत काळा रंग भरतो, तो भरला नाही, कारण रंगाने खोली कमी होते. कडेला उभी राहिलेली धार पॉलिश पेपरने घासली, स्वतःचं बोट परत परत फिरवून बघितलं.

उद्घाटनाला अध्यक्ष आले नाहीत. भास्करशी ते पुढेही बरेच दिवस तुटकच वागले. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, भाजीच्या दुकानाची पाटी करायला आला तेव्हा. भिंतीवरची नावं दोन पावसाळ्यांत उतरली आणि कोणी पुन्हा रंगवली नाहीत. पितळ उघड्यावर काळं पडलं, फक्त तीन अक्षरांच्या आतला भाग लखलखीत आहे म्हणे. दुपारी शाळेची पोरं पाणी पिऊन गेली, की म्हातारी तिथे जाऊन बसते.

आता गिऱ्हाईक आलं, की फॉन्ट आणि कटरचं मी नंतर बघते. आधी विचारते, वाचणार कोण आहे?