दिवसाआड एक दाणा

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या तोतारामनानांना एकच विद्या मनापासून आली होती. जे वाढतं, त्याला वाढू द्यायचं नाही. गच्चीवर चाळीस बोन्साय होती. तेवीस वर्षांचा वड पोळपाटाएवढ्या तबकात गुमान उभा होता. जळगावच्या प्रदर्शनात त्याला दोनदा बक्षीस मिळालं. तेव्हापासून नाना बोलायला लागले की शहाणा माणूस आधी बसायला खुर्ची शोधायचा.

माशांची टाकी मात्र घरात आली ती बायकोसाठी, सुनंदाबाईंसाठी. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मासे पाळा, बघत बसा, जिवाला बरं वाटेल. लेक कामिनीने टाकी आणि चार गोल्डफिश आणून दिले. सुनंदाबाई स्टूल घेऊन समोर बसल्या. चार दिवस बसल्या. पाचव्या दिवशी स्टुलावर नाना होते.

नानांना मासे दिसलेच नाहीत. त्यांना दिसली दोन फूट रिकामी जागा. तापीकाठचे दगड आले, झिजलेला ओंडका आला, त्याला बोन्सायच्या तारेने शेवाळ बांधलं गेलं. पुढे बारीक गवत, तेही काडी काडी चिमट्याने लावलेलं. उगाच खोटं कशाला बोला, झकास दिसत होतं. पाण्यात सातपुड्याचा एक तुकडा आणून ठेवावा तसं.

अडचण माशांची होती. मासा मोठा झाला की डोंगर लहान दिसतो, असं नाना म्हणाले आणि त्यांनी बोन्सायचा नियम माशांना लावला. दिवसाआड, दर माशाला एक दाणा. अहो, मासा म्हणजे काय वडाची फांदी आहे? पण नानांना हे सांगणार कोण! सुनंदाबाईंनी एकदा सांगून पाहिलं. त्यावर नानांनी मुळं, खत आणि संयम यांवर पाऊण तास व्याख्यान दिलं, मग त्या भाकरी थापायला उठून गेल्या.

भुकेल्या माशांनी दोन आठवड्यांत गवताचा फडशा पाडला. नानांनी पुन्हा लावलं. या वेळी मात्र नवल झालं. मासे गवताला तोंड लावेनात. गवत गालिच्यासारखं पसरलं. नानांनी छाती फुगवून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहिलं की मासासुद्धा वळण लावल्यावर वळतो, फक्त लावणारा पाहिजे. जळगावच्या हौशी मंडळाने पाणबागांची स्पर्धा ठेवली, परीक्षक घरी येऊन बघणार होते. नानांनी सगळ्यांत आधी अर्ज भरला. 'माशांचा आहार' या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, दिवसाआड एक दाणा. वडानंतर पाण्यातही आपलाच पहिला नंबर, हे त्यांनी मनात ठरवूनच टाकलं होतं. त्या नंबराशिवाय आता त्यांना चैन पडत नव्हती.

स्पर्धेच्या आधीच सुनंदाबाईंच्या बहिणीचं, मंजुळाबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सुनंदाबाई तिच्याकडे धुळ्याला गेल्या. जाताना काहीतरी सांगायला थांबल्या होत्या, पण नाना कात्रीला धार लावत होते.

तिसऱ्या दिवशी गवताला भोकं पडली. पाचव्या दिवशी नुसते खुंट उरले, ओंडक्यावरचं शेवाळ लोंबायला लागलं. नानांनी पाणी बदललं, दिवा बदलला, माशांना दम दिला. परीक्षक रविवारी येणार, आणि आज शुक्रवार. शेवटी त्यांनी धुळ्याला फोन लावला आणि घसा खाकरून विचारलं, "तू इथे असताना काही करत होतीस का?"

सुनंदाबाई माहेरच्या अहिराणीत बोलल्या. रागावल्या की त्या तशाच बोलत.

"जेवाडत व्हतू. रोज दोन येळ. वडले तोंड नही, म्हनीसन मी तेवीस वरीस गप ऱ्हायनू. यास्ले तोंड शे."

वडाला नाही, पण माशांना तोंड आहे, एवढं सुनावून लपवलेला दाण्यांचा डबा कुठे आहे तेही सांगितलं. कळण्याच्या पिठाच्या मागे. नाना स्वयंपाकघरात उभे राहिले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो नागोबा आपणच, आणि ग्रुपवर दीडशे माणसं आहेत.

शनिवारी सुनंदाबाई परत आल्या. रविवारी परीक्षक आल्या. समीक्षा नावाची तरुण बाई, शिरपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. तिने खुंट पाहिले, मग अर्ज मोठ्याने वाचला. दिवसाआड एक दाणा. वाचून ती नानांकडे बघत राहिली.

एखादी थाप सहज मारता आली असती. दिवा बिघडला, पाणी वाईट निघालं, काहीही. पण नाना म्हणाले, "तो रकाना खोटा आहे. मी उपाशी ठेवत होतो, ही जेवू घालत होती. म्हणून बाग होती."

समीक्षाने रकान्यावर रेघ मारली, चहा घेतला आणि गेली. नंबर गेला तो गेलाच.

संध्याकाळी नानांनी सुनंदाबाईंचा तो डबा पहिल्यांदा हातात घेतला. दाणे टाकले, तेही मोजूनच. मासे मागच्या कोपऱ्यात दगडाआड दबून राहिले. तेवढ्यात सुनंदाबाई पदराला हात पुसत आल्या, आणि चौघेही काचेवर येऊन धडकले. नानांना लागलं ते. लागावंच.

"मला ओळखायला यांना किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

सुनंदाबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

"रोज जेवू घातलं तर आठ दिवस. दिवसाआड घातलं तर माझं सांगते. चौतीस वर्षं झाली, मी अजून तुम्हाला ओळखायला शिकतेच आहे."